शेवंतीला रात्र लागते

आमच्या गच्चीवर ऊन भरपूर आहे, पाणी आहे, घरच्या ओल्या कचऱ्याचं खत आहे. शेवंतीसाठी तुटवडा आहे तो अंधाराचा. पुण्यात, इमारतीला इमारत खेटून उभी असलेल्या वस्तीत, रात्री खरा काळोख असलेला कोपरा शोधावा लागतो. पश्चिमेला शेजारच्या इमारतीच्या गच्चीवर एक मोठा पांढरा दिवा आहे. तो संध्याकाळी लागतो आणि उजाडेपर्यंत जळतो. पूर्वेच्या बाजूला आमची पाण्याची टाकी मध्ये येते, त्यामुळे तिच्या आडोशाला तो उजेड पोचत नाही. एकाच झाडाचे मुनवे (बुंध्याभोवती मातीतून फुटणारे कोवळे कोंब), एकच माती, एकाच वेळी भरलेल्या कुंड्या. काही टाकीच्या आड ठेवल्या, काही कठड्यापाशी. नोव्हेंबरच्या मध्यावर टाकीआडच्या कुंड्यांत कळ्यांचे घोस होते. कठड्यापाशीच्या कुंड्या हिरव्यागार, तजेलदार, पानांनी गच्च भरलेल्या, आणि त्यांत कळी औषधालाही नव्हती.

शेवंती समजून घ्यायची असेल तर या दोन रांगा पुरेशा आहेत असं मला वाटतं. रोग नाही, कीड नाही, खताची कमतरता नाही. दिव्यासमोरच्या झाडांच्या लेखी अजून जून महिनाच चालू होता, एवढंच.

वनस्पती दिवसरात्रीच्या लांबीवरून ऋतू ओळखतात हे गार्नर आणि अलार्ड या अमेरिकन शास्त्रज्ञांनी 1920 साली मांडलं. शेवंती त्यांतल्या ‘लहान दिवसाच्या’ झाडांपैकी. दिवस लहान आणि रात्र मोठी होऊ लागली की तिचा शेंडा पानं काढायचं थांबवतो आणि कळी धरू लागतो. खरं मोजमाप रात्रीचं असतं, आणि ती रात्र सलग लागते. मध्यरात्री थोडा वेळ जरी उजेड पडला तरी झाडाच्या हिशेबात ती एक रात्र न राहता दोन तुटक्या, अपुऱ्या रात्री होतात आणि कळीचं काम लांबतं. आणखी एक गोष्ट मला फार विलक्षण वाटते. कळी शेंड्याला येते, पण रात्र ओळखतात ती पानं. मिखाईल चैलाख्यान या शास्त्रज्ञाने 1930 च्या दशकात हे दाखवलं आणि त्यासाठी त्याने निवडलं होतं शेवंतीचंच झाड. वरची पानं काढून टाकली, खालच्या पानांना लांब रात्री दिल्या, तरी शेंड्याला फुलं आली. म्हणजे पानांत काहीतरी तयार होऊन वर निरोप जात होता. त्या न दिसणाऱ्या निरोप्याला त्याने ‘फ्लोरिजेन’ असं नाव दिलं. तो पदार्थ नेमका कोणता, हे कळायला पुढे कित्येक दशकं जावी लागली.

हे वाचल्यापासून संध्याकाळी गच्चीवर गेले की मी शेवंतीच्या पानांकडे वेगळ्याच आदराने बघते. खाचखाचांची, मागून किंचित लवदार, चुरडली तर कापरासारखा कडवट वास सोडणारी ही पानं रात्रीचा हिशेब ठेवत असतात. पुण्यात जूनमध्ये दिवस साधारण सव्वातेरा तासांचा असतो आणि डिसेंबरात अकराच्या आसपास येतो. आपल्याला घड्याळ नसतं तर हा फरक जाणवलाही नसता. झाडाला तो जाणवतो.

शेतकऱ्यांना हे गणित पक्कं ठाऊक आहे, आणि त्याचा उपयोगही ते करतात. बंगळूरच्या आसपासच्या भागात रात्री प्रवास केलात तर अख्खी शेतं दिव्यांनी उजळलेली दिसतात. ओळीने बल्ब लोंबत असतात आणि खाली शेवंती उभी असते. झाडाने लवकर कळी धरू नये, आधी उंच व्हावं, दांडा लांब व्हावा, म्हणून तो उजेड. पुरेशी वाढ झाली की दिवे बंद करायचे. आणि उलट, मोठ्या दिवसांच्या काळात फुलं हवी असतील तर पॉलिहाउसमध्ये दुपार कलल्यावर काळं कापड ओढून रात्र लवकर आणायची. दसरा-दिवाळीच्या नेमक्या दिवशी माल बाजारात पोचला तरच चार पैसे मिळतात. दोन दिवस उशीर झाला तर तीच फुलं ढीग लावून विकावी लागतात. त्या हिशेबाबद्दल माझी काही तक्रार नाही. गौरीसाठी भाद्रपदात ढीगभर शेवंती मिळते ती लवकर फुलणाऱ्या जातींमुळे आणि या मेहनतीमुळे.

पण घरच्या कुंडीला कुठल्याही बाजाराची तारीख गाठायची नसते. तिला तिच्या वेळेने येऊ द्यावं, असं माझं ठाम मत आहे. घरची शेवंती बहुतेक वेळा कार्तिकात रंग दाखवते आणि मार्गशीर्षात भरात येते. मार्गशीर्षातल्या गुरुवारी घट मांडताना, शेजारी पाच फळं, पाच पत्री आणि घरच्या शेवंतीची वेणी ठेवली की त्या पूजेला ऋतूचा साक्षीदार मिळतो. ही फुलं त्या महिन्यात असतात म्हणूनच तर ती त्या पूजेत आली असणार.

इतर देशांतही हेच झालेलं दिसतं. चीनमध्ये शेवंतीची लागवड दीड हजार वर्षांपेक्षाही जुनी आहे. तिथे नवव्या चांद्रमासातल्या नवव्या दिवशी सण असतो, टेकड्या चढायच्या, शेवंती बघायची आणि शेवंतीचं मद्य घ्यायचं. हा दिवस बहुधा ऑक्टोबरात येतो. तिथून शेवंती जपानमध्ये गेली आणि थेट राजघराण्याचं चिन्ह झाली. सोळा पाकळ्यांची शेवंती आजही जपानी पासपोर्टच्या मुखपृष्ठावर आहे. फ्रान्समध्ये मात्र तिचं स्थान फार वेगळं. तिथे नोव्हेंबरच्या पहिल्या दिवशी लोक आपल्या माणसांच्या कबरींवर शेवंतीच्या कुंड्या नेऊन ठेवतात. पहिल्या महायुद्धानंतर ही रीत देशभर रुजली. तिथे राहणाऱ्या माझ्या भाचीला तिच्या घरमालकीणबाईंनी आधीच समजावून ठेवलं होतं की कुणाकडे जेवायला जाताना हवी ती फुलं ने, पण शेवंती नेऊ नकोस. तिला ते ऐकून गलबलून आलं. आपल्याकडे लेकीसुनांच्या केसांत माळायचं फूल तिथे स्मशानाचं. मला वाटतं, यात विरोध काही नाही. उत्तर गोलार्धात शरद सरताना, बाकीची बाग आवरती घेत असताना, एवढ्या थंडीत उभं राहणारं फूल दुसरं होतं कुठलं? ज्या लोकांना त्या दिवसांत जे आठवायचं होतं, त्यासाठी त्यांनी शेवंती हाताशी घेतली. तिथे दिवंगत माणसांची आठवण, इथे महालक्ष्मी.

आता लागवडीचं सांगते, कारण शेवंती नर्सरीतून फुललेली आणावी, फुलं संपली की कुंडी रिकामी करावी असा प्रघात वाढतो आहे आणि मला तो पटत नाही. शेवंती बहुवर्षायू आहे. तिचं खरं सुख वर्षभर तिच्यासोबत असण्यात आहे.

फुलं संपली की झाड जमिनीपासून चार-पाच बोटांवर छाटायचं. थोड्याच दिवसांत बुंध्याभोवती मातीतून कोवळे मुनवे वर येतात. जानेवारी-फेब्रुवारीत हे मुनवे मुळांसकट अलगद वेगळे करून लहान कुंड्यांत लावायचे. पुढचा उन्हाळा हा शेवंतीचा सगळ्यात वाईट काळ. एप्रिल-मेच्या दुपारी तिला ऊन सोसत नाही. सकाळचं कोवळं ऊन आणि नंतर सावली अशी जागा द्यायची, माती सुकू द्यायची नाही, आणि तिच्याकडून काही मागायचं नाही. या दिवसांत ती खुरटी, केविलवाणी दिसते. मेलं समजून टाकून देऊ नये.

मेअखेर किंवा जूनच्या सुरुवातीला त्या झाडांचे शेंडे घ्यायचे. चार बोटं लांबीचा कोवळा शेंडा, खालची पानं काढलेला, ओलसर वाळूत किंवा कोकोपीटमध्ये खोचला की दोन-तीन आठवड्यांत मुळं धरतो. मला मुनव्यांपेक्षा शेंड्याची रोपं आवडतात. ती सारखी वाढतात आणि जुन्या मातीतले रोग सोबत आणत नाहीत. मग मोठ्या कुंडीत बदलायची. शेवंतीची मुळं उथळ असतात, खोल कुंडीपेक्षा रुंद कुंडी बरी. माती, चांगलं कुजलेलं शेणखत आणि निचऱ्यासाठी वाळू, एवढं मिश्रण पुरतं.

आपल्याकडच्या पावसात निचरा हीच खरी परीक्षा. जुलैमध्ये चार दिवस झड लागली आणि कुंडीत पाणी साचलं तर मूळ कुजतं, आणि झाड वर हिरवं दिसत असतानाच आतून जातं. कुंड्या विटांवर उचलून ठेवाव्यात. खालच्या पानांवर काळे-तपकिरी ठिपके दिसले तर ती पानं लगेच काढून टाकावीत, खतात घालू नयेत. पावसाच्या थेंबांसोबत माती पानांवर उडते आणि रोग चढत जातो, म्हणून कुंडीत वाळलेल्या पानांचं आच्छादन घालते मी.

आणि शेंडे खुडणं. ज्यांचं मन हळवं आहे त्यांना हे जड जातं. छान तरारून वर आलेल्या रोपाचा शेंडा नखाने खुडून टाकायचा, मग बगलेतून दोन-तीन फांद्या फुटतात. त्या वीतभर झाल्या की त्यांचेही शेंडे खुडायचे. जितके शेंडे तितकी फुलं. हे काम पावसाळ्यात चालतं. गणपती बसले की शेवंतीच्या शेंड्याला हात लावायचा नाही, हा माझ्या आत्याचा नियम होता. तिला फ्लोरिजेन माहीत नव्हतं, पण त्या सुमारास शेंड्यात कळीची तयारी सुरू होते आणि नंतर खुडलं तर फुलंच खुडली जातात, हे ती पुरतं ओळखून होती. मी आजही तोच नियम पाळते, आणि त्यात सुधारणा करावी असं मला कधी वाटलं नाही.

प्रदर्शनात ठेवायला मोठं, बशीएवढं फूल हवं असेल तर एका दांड्यावर एकच कळी ठेवून बाकीच्या काढाव्या लागतात आणि बांबूच्या कामटीचा आधार द्यावा लागतो. जानेवारीत पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये पुष्पप्रदर्शन भरतं. अशी जपलेली फुलं बघायला मी हौसेने जाते. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेत तर शेवंतीवर कित्येक वर्षं काम चाललं आहे. गॅमा किरण वापरून नव्या रंगांच्या जाती काढल्या आहेत, शेंडा न खुडता, आधार न देता आपोआप गोलाकार होणारी झाडंही तयार केली आहेत. पण घरी मला भरगच्च, लहान फुलांचं झाडच हवं असतं. वेणीला तेच लागतं.

कळ्या धरल्यावर मावा येतो, याबद्दल शंका नको. कोवळ्या शेंड्यांवर, कळीच्या देठांवर काळ्या बारीक किड्यांचा थर बसतो आणि पाठोपाठ त्यांच्या गोड स्रावासाठी मुंग्या येतात. मी आधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुते, मग निंबोळी तेल आणि थोडा साबण. पण त्याआधी ढालकिडे आहेत का ते बघते. लाल पाठीवर काळे ठिपके असलेला हा किडा आणि विशेषतः त्याची अळी मावा फस्त करतात. ती दिसली तर फवारणी करत नाही, त्यांना त्यांचं काम करू देते.

दिव्याचं पुढे काय केलं तेही सांगायला हवं. शेजारच्या इमारतीतल्या मंडळींना जाऊन भेटले. दिवा बंद करा असं सांगण्याचा मला अधिकार नव्हता, गच्चीवर चोरी होऊ नये म्हणून तो लावलेला. पण तो आडवा, थेट आमच्याकडे रोखलेला होता. त्याला वरून झाकण बसवून तोंड खाली केलं तर त्यांचीही गच्ची जास्त उजळेल, हे त्यांना पटलं. तिथले काका म्हणाले, “ताई, फुलांनाही झोप लागते हे आम्हाला माहीत नव्हतं.” दिवा वळला. कठड्यापाशीच्या झाडांनीही पुढच्या हंगामात फुलं दिली. शहरातल्या प्रत्येक दिव्याचं तोंड असं खाली करता आलं असतं तर किती बरं झालं असतं. आपण रस्त्यांवरच्या झाडांना दिव्यांच्या माळा गुंडाळतो, बागांमध्ये रंगीत प्रकाशझोत सोडतो, आणि त्याला सुशोभीकरण म्हणतो. ज्यांचं सगळं जगणं उजेड-अंधाराच्या मापावर बेतलेलं आहे त्यांच्या अंगावर रात्रभर उजेड ओतणं मला मनापासून चुकीचं वाटतं. ज्यांच्याकडे गच्ची नाही, फक्त रस्त्याकडची खिडकी आहे, त्यांनी सप्टेंबर-ऑक्टोबरात संध्याकाळी कुंडीवर मोठा पुठ्ठ्याचा खोका उपडा घालावा आणि सकाळी काढावा. रोज, न चुकता. कळ्या दिसू लागेपर्यंत हे जमलं तर शेवंती तिथेही फुलते.

फुललं की मात्र हात आखडू नये. जवळून बघा आधी. ज्याला आपण एक फूल म्हणतो ते खरं तर शेकडो फुलांचं संमेलन असतं. प्रत्येक ‘पाकळी’ हेच एक स्वतंत्र फूल. एक पाकळी अलगद ओढून काढली तर तिच्या बुडाशी इवलासा, दोन टोकांचा स्त्रीकेसर दिसतो. एकेरी शेवंतीत मधलं पिवळं चक्र असतं, ते तर नळीच्या आकाराच्या चिमुकल्या फुलांनी खच्चून भरलेलं. मुलांना हे दाखवावं. भिंग असेल तर फारच छान.

वेणीसाठी पूर्ण उमललेली फुलं सकाळी, बोटाच्या पेराएवढ्या देठासह खुडते. दोरा देठात रुततो आणि ते तुटतात, म्हणून केळीच्या सोपटाचा धागा काढून पाण्यात भिजवून घ्यायचा. दोन फुलं या बाजूला, दोन त्या बाजूला, देठ एकमेकांवर, मध्ये मरव्याची एखादी काडी, आणि धाग्याचा फास ओढून घट्ट. सासूबाईंनी हे मला शिकवलं तेव्हा त्या बोटं बघू नको, फुलांची तोंडं बघ म्हणायच्या. फुलांची तोंडं एका रेषेत आली की गाठ आपोआप सरळ पडते. मोगऱ्याचा गजरा संध्याकाळपर्यंत माना टाकतो. शेवंती दुसऱ्या दिवशीही टवटवीत असते, म्हणून लग्नकार्यातल्या दगदगीत, देवीच्या मूर्तीवर, गौरीच्या मुखवट्याभोवती तिचाच भरवसा वाटतो. देवापुढची शिळी फुलं मी पाकळ्या मोकळ्या करून पुन्हा त्याच कुंड्यांच्या खतात घालते.

शेवंतीच्या चहाबद्दल हल्ली पुष्कळ ऐकू येतं. चीनमध्ये हांगचौच्या परिसरात त्यासाठी खास पांढऱ्या शेवंतीची लागवड होते, फुलं वाफवून वाळवतात. आपल्या बाजारातली फुलं मात्र पूजेसाठी आणि सजावटीसाठी पिकवलेली असतात, त्यांवर कीटकनाशकं मारलेली असतात. ती कधीही पाण्यात उकळून पिऊ नयेत. घरची, काहीही न फवारलेली पिवळी शेवंती मी एकदोनदा गरम पाण्यात घालून बघितली. चव कडवट, वास प्रसन्न. ज्यांना या कुळातल्या फुलांची ॲलर्जी आहे त्यांनी हा प्रयोगच करू नये. काही जणांच्या हातांना नुसती पानं हाताळूनही खाज सुटते, त्यांनी मोजे घालावेत. घरात मांजर किंवा कुत्रा असेल तर झाड त्यांच्या तोंडाच्या टप्प्याबाहेर ठेवावं, कारण पानं-फुलं चघळली तर त्यांना त्रास होतो.

जातींची नावं मला तोंडपाठ म्हणायला आवडतात: राजा, झिपरी, बग्गी, पिवळी रेवडी, पांढरी रेवडी, सोनाली तारा. आपल्या पुणे, नगर, सातारा, सोलापूर भागांतल्या शेतकऱ्यांनी यांतल्या अनेक जाती वर्षानुवर्षं जपल्या. आता दुकानात कुंडीतली, मातीपासून वीतभर उंचीची, डौलदार पण सुगंध नसलेली रोपं जास्त मिळतात. ती सुंदर असतात हे नाकारत नाही. पण मला माझ्याकडच्या पांढऱ्या शेवंतीचं मोल अधिक, त्याला कारण आहे.

शेवंतीच्या बियांपासून आईसारखंच झाड येत नाही. म्हणून ती मुनव्यांवरून किंवा शेंड्यांवरून वाढवायची. आणि मुनव्यावरून आलेलं झाड हे आईचं मूल नसतं, ते तेच झाड असतं, त्याचाच पुढे वाढत गेलेला भाग. माझी पांढरी शेवंती मिरजेच्या आत्याच्या परसातली. तिच्याकडे ती तिच्या सासूबाईंनी लावलेली होती, आणि त्यांनी कुणाकडून आणली ते आता सांगणारं कुणी नाही. त्या बायका गेल्या, ते घर विकलं, विहीर बुजली. पण ज्या झाडाची फुलं त्यांनी केसांत माळली, तेच झाड, दुसरं नाही, आज माझ्या गच्चीवर टाकीच्या आड उभं आहे. मध्ये कुणी एकीने जरी एका उन्हाळ्यात पाणी घालायचं सोडलं असतं तर ही साखळी तिथेच तुटली असती. हे मनात आलं की मेमधल्या त्या केविलवाण्या कुंड्यांना मी दोनदा पाणी घालते.

म्हणूनच शेवंती एकाच घरात ठेवू नये. माझ्याकडे काही बिघडलं, तर ती दुसऱ्या कुणाकडे असायला हवी. दर फेब्रुवारीत मुनवे वेगळे केले की मी ते ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून मैत्रिणींना, जावेला, खालच्या मजल्यावरच्या काकूंना देते. सोबत कुठल्या घरातून कुठे आली ते चिठ्ठीवर लिहिते आणि ज्यांनी घेतलं त्यांची नावं वहीत उतरवून ठेवते. वहीतल्यांपैकी एक जण नाशिकला असते, एक ठाण्याला. गेल्या वर्षी ठाण्याहून फोन आला, “वहिनी, माझी उन्हाळ्यात गेली हो, पुन्हा दोन मुनवे द्याल का?” दिले. दोन मागितले होते, चार दिले, आणि त्यांतले दोन तिच्या शेजारणीसाठी म्हणून बजावून सांगितलं.